चाकं वर

“चाकं?” देवतळ्यांनी विचारलं.

समोरच्या पट्टीवर तीन बारके दिवे होते. चाकं खाली असली की ते हिरवे लागतात, वर गेली की विझतात. मी तिन्ही पाहिले. विझलेले होते.

“वर.”

“उतरतो मग. आकडे दे.”

“ऐंशी… साठ… चाळीस…” मी फुटांत उंची वाचत गेले. विमानाचं पोट तळ्याला घासलं, खालची दोन तोंडं उघडली आणि बारा सेकंदांत सहा हजार लिटर पाणी पोटात आलं. अख्खं विमान थरथरलं, जड झालं, आणि देवतळ्यांनी त्याला कसंबसं ओढून झाडांच्या शेंड्यांवरून काढलं.

सकाळपासूनची ती एकतिसावी खेप. दुपारचे दोन वाजले होते. उत्तर कॅनडातलं जंगल, ऑगस्ट महिना, आणि बर्च पॉइंट नावाच्या तीनशे वस्तीच्या गावाकडे सरकणारी आग. गावातून बाहेर पडायला एकच रस्ता. त्या रस्त्यावर आग येऊ द्यायची नाही, एवढंच आमचं काम. सकाळपासून तीन बस निघून गेल्या होत्या. चौथी, शेवटची, तेवढी बाकी होती.

हे विमान म्हणजे एक चमत्कारिक प्रकरण आहे. पोट होडीचं, पंख विमानाचे. चाकं फक्त धावपट्टीपुरती. पाण्यावर जाताना ती आत घेतलेलीच हवीत. चुकून खाली राहिली तर पाणी ती धरतं आणि विमान सरळ तोंडावर कोलांटी खातं. तशा कोलांटीतून हसत बाहेर आलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणून दर खेपेला एकाने विचारायचं, दुसऱ्याने पाहून सांगायचं. दिवसाला साठ खेपा असल्या तरी साठ वेळा.

मी शलाका खोबरेकर, मालवणची. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. बाबा म्हणायचे, आमच्या पोरांना आधी पोहता येतं, मग चालता. मी उडायला गेले तेव्हा आईने आठ दिवस अबोला धरला. पुढे कळलं की विमान पाण्यावरच उतरतं, तेव्हा म्हणाली, “मग बोटीत काय वाईट होतं गो?”

आणि कॅप्टन वामन देवतळे चंद्रपूरचे. वडील फॉरेस्ट गार्ड, त्यामुळे वणवा म्हणजे काय हे या माणसाने चड्डीत असताना पाहिलेलं. एकोणसाठ वर्षांचे, त्यातली बावीस वर्षं आगीवर पाणी ओतण्यात गेलेली. कंपनीत आम्ही दोघंच मराठी. कुणीतरी गंमत म्हणून आम्हाला एका विमानात बसवलं आणि नंतर कंपनीच पस्तावली, कारण आत काय चाललंय ते टेपवर ऐकून कुणालाच कळेना. रेडिओवर इंग्रजी बोलायचो. आपसात “चाकं?” आणि “वर”.

त्या उन्हाळ्यात देवतळे मला सगळं मोठ्याने वाचायला लावत. उंची, वेग, इंधन, नकाशा. स्वतः मान कोंबडीसारखी वाकडी करून तिरक्या नजरेने पाण्याकडे बघायचे. मी त्यांची नक्कल करून मेकॅनिक लोकांना हसवायचे. मला वाटायचं, म्हातारा मला कॅप्टन होण्यासाठी घडवतोय. खूश होते मी. खोटं कशाला बोलू?

ती खेप ओतून आम्ही इंधन भरायला वीस मैलांवरच्या धावपट्टीवर गेलो. पट्टी खडीची आणि तोकडी. देवतळ्यांनी ब्रेक असे दाबले की खालून जळका वास आला. मेकॅनिकने चाकाजवळ हात नेला आणि पटकन मागे घेतला.

दहा मिनिटांत पुन्हा हवेत.

“बाई, चाकं आत्ताच नको घेऊ,” देवतळे म्हणाले. “लई तापली आहेत. पाच मिनिटं हवेत लटकू दे, गार झाली की घे वर.”

“बरं सर.”

हे मी म्हटलं. माझ्या तोंडाने म्हटलं. पाच मिनिटांनी चाकं वर घ्यायचं काम माझं होतं.

तीन मिनिटं झाली असतील. रेडिओवर रोलंडचा आवाज आला. रोलंड म्हणजे आमच्या डोक्यावर छोट्या विमानात घिरट्या घालणारा अधिकारी. कुणी कुठे पाणी टाकायचं ते तो सांगायचा. एरवी त्याचा आवाज शाळेत हजेरी घेणाऱ्या मास्तरांसारखा सपाट. त्या दिवशी नव्हता.

“चौसष्ट, कुठे आहात?” चौसष्ट हा आमच्या विमानाचा नंबर.

“सहा मिनिटांवर,” मी म्हणाले.

“आगीने रस्ता ओलांडला. शेवटची बस आत अडकली आहे. सत्तावीस माणसं. चालवणाऱ्या बाईने बस खडीच्या खाणीत वळवून लावलीय. तीन बाजूंनी आग आहे, चौथी बाजू रस्त्याची, तीही पेटतेय. दुसरं विमान यायला वीस मिनिटं लागतील. तुमच्याशिवाय कुणी नाही.”

देवतळ्यांनी इंजिनं पुढे ढकलली.

“आग खाणीत शिरायला किती वेळ आहे?” मी विचारलं.

“माहीत नाही,” रोलंड म्हणाला. “लवकर या.”

सत्तावीस माणसं बंद काचांच्या बसमध्ये बसलीत हे मला दिसायला लागलं. म्हाताऱ्या माणसांची बस होती ती. सकाळी हलायला तयार नव्हती तीच सगळी शेवटपर्यंत राहिली होती. मी नकाशा उघडला, खाण शोधली, जवळचं तळं शोधलं. वारा कुठून, धूर कुठे, वळण कुठे घ्यायचं, सगळं भराभर सांगत सुटले. चाकांचा विचार डोक्यातून साफ गेला. त्याला जागाच राहिली नव्हती.

तळं आलं. धुराने वारा दाबून टाकला होता. पाणी एकदम निपचित, तुपाच्या थरासारखं. असलं पाणी सगळ्यात वाईट. लाट नसली की पाणी कुठे सुरू होतं तेच कळत नाही. पन्नास फूट वाटतात आणि पाचच असतात.

“काठाकाठाने घेतो,” देवतळे मान वाकडी करून म्हणाले. “झाडांवरून अंदाज येतो. तू आकडे चुकू नको.”

“नाही चुकत.”

“चाकं?”

“वर.”

झालं. सकाळपासून एकतीस वेळा म्हटलेला शब्द. बत्तिसाव्या वेळी तो आपला आपणच बाहेर पडला. डोळे माझे उंचीच्या काट्यावर होते. दिव्यांकडे मी पाहिलंच नाही.

“उतरतो मग.”

“शंभर… ऐंशी… सत्तर…”

तळ्याच्या तोंडाशी वाळूची एक जीभ होती, पांढुरकी. सूर्य डावीकडे, धुरातून तांबडा. त्यामुळे आमची सावली उजवीकडे, माझ्या बाजूला पडली होती. लहानपणी बाबांच्या होडीत बसून मी तासन् तास होडीची सावली बघायचे, ती खोड काही गेलेली नाही. वाळूवरून सावली सरकताना माझी नजर आपसूक गेली.

सावलीला पाय होते.

“पाय!” मी किंचाळले. “पाय! पाय! सर, वर घ्या!”

त्यांनी “काय” म्हणून विचारलं नाही. मान वळवली नाही. एका हाताने दांडा पोटाशी ओढला, दुसऱ्याने इंजिनं पूर्ण लावली. विमान कण्हलं, क्षणभर खालीच राहिलं, आणि मग वर चढायला लागलं. काट्यावर मी पाहिलेला शेवटचा आकडा बावीस होता. बावीस फूट. आमच्या मालवणच्या घराच्या कौलांना त्याहून जास्त उंची आहे.

समोरच्या पट्टीवर तीन दिवे हिरवे जळत होते. मुगाच्या दाण्याएवढे. अगदी व्यवस्थित जळत होते.

मी कळ ओढली. चाकं आत जाताना खालून धडधड झाली. एक दिवा विझला, दुसरा विझला, तिसरा रेंगाळला आणि विझला.

“चौसष्ट, काय झालं?” रोलंड ओरडला. “पाणी का नाही घेतलं?”

“पुन्हा येतोय,” देवतळे म्हणाले. आवाजात काही नव्हतं.

वळसा घालून परत तोंडाशी यायला तीन मिनिटं लागतात. रोलंड दर वीस सेकंदांनी विचारत होता, “किती वेळ?” आणि मी आकडा सांगत होते. “दोन मिनिटं. दीड. एक.” मला वाटत होतं, बसमधली माणसंच विचारतायत.

“चाकं?”

मी एकेका दिव्यावर बोट ठेवलं. काच अजून कोमट होती. पहिला, दुसरा, तिसरा.

“वर.”

“उतरतो मग.”

“साठ… चाळीस… वीस… दहा… पाच…”

पाणी घेतलं. रोलंडच्या सांगण्यावरून रस्त्यावर, बरोबर खाणीच्या तोंडाशी, सगळं सहा हजार लिटर ओतलं. धुरात काही दिसत नव्हतं. नुसतं फस्स झाल्याचं जाणवलं, वाफ वर आली आणि विमान हलकं होऊन उसळलं. परत तळं. परत “चाकं?” परत तीन दिव्यांवर बोट. चार खेपा झाल्या, पाच झाल्या. सहाव्या खेपेला रोलंड म्हणाला, “निघाली. बस निघाली.”

आणि खरंच, धुरातून एक पिवळी बस बाहेर येताना दिसली. एवढीशी, काडेपेटीसारखी. मी रडायला लागले.

“आकडे दे, बाई,” देवतळे म्हणाले. “अजून हवेत आहोत आपण.”

सत्तावीसच्या सत्तावीस माणसं वाचली. बस चालवणारी बाई, डोरिस तिचं नाव, तिचे दोन्ही तळहात भाजले. आम्ही यायच्या आधी एक जळकं झाड खाणीच्या तोंडावर आडवं पडलं होतं. वाट बघून बघून तिला राहवलं नाही, ती उतरली आणि हातांनी ते ढकलायला लागली. आम्ही पहिल्याच फेरीत पाणी घेतलं असतं तर तिला उतरावं लागलं नसतं. तीन मिनिटं. हे मला संध्याकाळी कळलं.

पाच वाजता उतरलो. देवतळे हँगरच्या मागे लाकडाच्या ओंडक्यावर जाऊन बसले. त्यांच्याकडे एक थर्मास असायचा, आलं घातलेला चहा. एका कपात मला दिला, झाकणात स्वतः घेतला.

“काका,” मी म्हणाले. जमिनीवर मी त्यांना काका म्हणायचे. “काका, चाकं वर घ्यायची मी विसरले.”

“मीच सांगितलं होतं ना लटकू दे म्हणून. मलेही आठवायला पाहिजे होतं.”

“पण…”

“ऐक आधी. तुले एक सांगतो, मग तुले जे बोलायचं ते बोल.” त्यांनी झाकण खाली ठेवलं. “मले ते दिवे दिसत नाहीत.”

मला कळलंच नाही. “म्हणजे?”

“म्हणजे दिसत नाहीत. समोर बघितलं की मधोमध एक डाग आहे, अंगठ्याएवढा. जिकडे बघीन तिकडे तो. बाजूचं सगळं दिसते, पाणी दिसते, झाडं दिसते. बारकं काही दिसत नाही. एप्रिलच्या तपासणीत ठीक होतं. जुलैपासून वाढलं.”

“जुलैपासून?” मी उभी राहिले. “दीड महिना? अहो काका, दीड महिना तुम्ही… मग चाकं वर आहेत की खाली, हे तुम्हाला…”

“तू सांगत होती ना.”

किती साधेपणाने म्हणाले. जसं काही त्यात विचारण्यासारखं काहीच नाही. मोठ्याने वाचायला लावणं, ती वाकडी मान, “आकडे दे बाई”. मला घडवत बिडवत नव्हता म्हातारा. माझ्या डोळ्यांनी विमान चालवत होता.

मला भयंकर राग आला. वाटलं, ओरडावं, हा थर्मास उचलून फेकावा. आणि त्याच क्षणी आठवलं की त्याने माझ्या डोळ्यांवर भरवसा टाकला होता, आणि मी ते डोळे उघडलेच नव्हते. राग जागच्या जागी जिरला.

“एवढा सीझन काढू म्हटलं,” ते म्हणाले. “शेवटचा. मूर्खपणा केला. आज मी रिपोर्ट लिहितो आणि संपवतो. तू लिहून दे, मी सांगतो. मले कागद दिसत नाही.”

मी कागद घेतला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. चाकं खाली राहिली. कॅप्टनची दृष्टी कमी झालेली होती आणि त्याने ते लपवलं. कॅप्टनला दिवे दिसले नाहीत.

मग ते थांबले. मान वाकडी करून माझ्याकडे तिरकं बघितलं, बराच वेळ.

“बाई, तुले काही बोलायचं होतं ना मघाशी?”

माझा कॅप्टनचा कागद सप्टेंबरात यायचा होता. “न पाहता सांगितलं” हे तीन शब्द लिहिले असते, तर तो या जन्मात आला नसता. मी चहाच्या कपात बघत बसले.

“नाही,” मी म्हणाले.

“बरं. लिही मग. सहवैमानिकाच्या सावधपणामुळे अपघात टळला.”

मी लिहिलं. स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि खाली सहीसुद्धा केली. त्यांनी सही केली ती रेघेच्या दोन बोटं वर.

देवतळे त्याच आठवड्यात नोकरी सोडून घरी गेले. कंपनीने मला शाबासकीचं पत्र दिलं, फ्रेम करून. डोरिसने बँडेज बांधलेल्या हातांनी मला मिठी मारली आणि म्हणाली, तुझे डोळे देवाने दिलेत. सप्टेंबरात मी कॅप्टन झाले.

ते पत्र मी कधी भिंतीवर लावलं नाही.

अकरा वर्षांनी मी चंद्रपूरला गेले. मधल्या काळात दर दिवाळीला देवतळ्यांचा फोन यायचा. उचलला की पलीकडून पहिला शब्द “चाकं?” आणि मग खो खो हसणं. मी “वर” म्हणायचे आणि दिवसभर मला अन्न गोड लागायचं नाही.

ते धाकट्या बहिणीच्या घरी राहत होते. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. एका डोळ्याचं संपलंच होतं, दुसऱ्याला फक्त उजेड आणि सावली. पाऊल वाजलं तशी मान वाकडी केली.

“आली का खोबरेकरबाई?”

बहिणीने पाणी आणून दिलं. ती आत गेली तशी मी बोलून टाकलं. प्रस्तावना वगैरे काही नाही. अकरा वर्षं विमानात, आंघोळ करताना, रांगेत उभी असताना घोकलेलं एक वाक्य होतं.

“काका, त्या दिवशी मी दिवे पाहिले नव्हते. न पाहता ‘वर’ म्हटलं.”

“हो,” ते म्हणाले. “मले माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“तेव्हाच माहीत होतं. तू पाहून सांगायची ना, तेव्हा मधे एक श्वास जायचा. दीड महिना मी त्या श्वासावरच तर उतरत होतो बाई. त्या दिवशी मी विचारलं आणि तुझं उत्तर लगेच आलं. श्वास गेलाच नाही.”

“मग तुम्ही उतरलात कशाला?”

समोर रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“घाई होती,” ते म्हणाले. “सत्तावीस माणसं होती. पुन्हा विचारलं असतं तर तू म्हणाली असती, सर तुम्हीच बघा ना. मग मी काय सांगितलं असतं? म्हणून म्हटलं, म्हणते ना पोरगी, असेल वर. तू एकटीच डोळे मिटून होती असं नको समजू.”

“मग रिपोर्टमध्ये का नाही लिहायला लावलंत? मला विचारलंत, मी नाही म्हणाले, आणि तुम्ही…”

“कोणीतरी उडायला पाहिजे होतं ना पुढच्या उन्हाळ्यात,” ते म्हणाले. “मी तर नव्हतो उडणार. आणि मले वाटलं, आता ही पोरगी न पाहता कधी बोलणार नाही.” मग एकदम, “किती वर्षं झाली कॅप्टन होऊन?”

“अकरा.”

“बोलली का कधी?”

“नाही.” मी रडत होते, आणि त्यांना ते दिसत नव्हतं, पण कळत होतं. “एकदाही नाही काका.”

“मग झालं. रडून काय राहिली? चल, चौकात तर्री-पोहे खाऊ. बहीण मिरची घालत नाही माझ्या पोह्यात, पेशंटचं जेवण झालंय सगळं.”

त्यांनी काठी घेतली, उठले, दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला. ओट्याच्या कडेशी आलो. ते थांबले.

“पायऱ्या किती?”

मघाशीच मी त्याच पायऱ्या चढून आले होते. “तीन” माझ्या जिभेवर आलं होतं.

मी खाली पाहिलं. शेवटची पायरी अर्धी मातीत बुडाली होती, वर पाला पडला होता. मी बोटाने एकेक मोजली. खांद्यावरचा हात हलला नाही. ते वाट बघत होते.

“चार,” मी म्हणाले.

“उतरतो मग,” देवतळे म्हणाले आणि पाऊल टाकलं.